पाण्याचा हक्क मिळाला, घामाचा राहिला : महाड-पोलादपूरची वेठ आणि फौजदारी कायदा

चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला मार्च २०२७ मध्ये शंभर वर्षे पूर्ण होतात. तयारीच्या बैठका, रंगरंगोटी, पाहुण्यांच्या याद्या हे सगळे होईल आणि व्हायलाही हवे. पण १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला जी कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली, तिच्यात बाबासाहेब फक्त पाण्यावर बोलले नव्हते. मेलेली जनावरे ओढू नका, शिळे तुकडे मागू नका, महारकी सोडा, शेतीकडे वळा, असे ते जमलेल्या लोकांना सांगत होते. पडीक जंगल जमीन अस्पृश्यांना कसायला द्या, अशी मागणी त्या परिषदेने केली. म्हणजे महाडला दोन प्रश्न एकत्र उभे राहिले होते. एक पाण्याचा, दुसरा फुकट राबण्याचा, म्हणजेच वेठीचा.

पहिला प्रश्न आपण पाठ केला. त्याच्या तारखा आपल्या मुलांनाही येतात. दुसऱ्याचे काय झाले, हे मांडण्यासाठी हा लेख.

आमचे म्हणणे थोडक्यात असे : आपल्या देशात सक्तीच्या श्रमाविरुद्ध फौजदारी कायदा नव्हता असे कधीच नव्हते. दीडशे वर्षांहून जास्त काळ तो पुस्तकात आहे. पण सक्ती कशाला म्हणायचे हे ज्यांनी ठरवले, त्यांनी जातीने आणि कर्जाने होणारी सक्ती प्रत्येक वेळी बाहेर ठेवली. ती आत आणण्याची लढाई ज्या लोकांनी लढली त्यांत महाडची माणसे पुढे होती. आज त्याच महाड-पोलादपूरच्या कातकरी वाड्यांवर ती लढाई अर्धवट पडली आहे.

'बेकायदेशीर' या शब्दाची चलाखी

१८४३ च्या ५ व्या कायद्याने कंपनी सरकारने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली. १८६० साली भारतीय दंड संहिता आली. तिच्या कलम ३७० ने माणसाची गुलाम म्हणून खरेदी-विक्री गुन्हा ठरवली. कलम ३७४ ने सांगितले की, एखाद्याकडून त्याच्या इच्छेविरुद्ध बेकायदेशीरपणे श्रम करून घेणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद होईल.

यातला 'बेकायदेशीरपणे' हा शब्द नीट वाचा. इच्छेविरुद्ध राबवणे हा गुन्हा नाही. बेकायदेशीरपणे राबवणे हा गुन्हा आहे. मग कायद्यानेच राबवले तर?

सरकारने तेच केले. १८७४ साली मुंबई इलाख्यात वंशपरंपरागत हुद्द्यांचा कायदा झाला, ज्याला लोक वतन कायदा म्हणत. गावच्या महाराची सेवा आता रूढी उरली नाही, ती सरकारी कर्तव्य झाली. सरकारी टपाल आणि निरोप पोचवणे, अंमलदाराचे सामान वाहणे, चावडीवर हजर राहणे, सारा गोळा करताना माणसे बोलावून आणणे, हद्दीच्या खुणा दाखवणे ही यादी संपत नसे. त्याशिवाय गावकी होतीच : मयताची खबर गावोगाव नेणे, मेलेले ढोर ओढणे, लाकडे फोडणे. मोबदला म्हणजे इनाम जमिनीचा तुकडा आणि गावकऱ्यांनी दिले तर बलुते.

म्हणजे १८६० चा कायदा सांगतो की सक्तीचे श्रम गुन्हा आहे आणि १८७४ चा कायदा महाराकडून तेच श्रम घेतो. दोन्हींत विसंगती दिसत नाही, कारण दुसऱ्याने पहिल्यातला 'बेकायदेशीर' शब्द आधीच निकामी केला. कायद्याच्या भाषेत महार वेठबिगार नव्हताच, तो 'वतनदार' होता. बेडीला दागिना म्हणण्याचा हा प्रकार!

महाडचा अनुभव : लष्कर, लोकल बोर्ड, वतन

या वेठीतून सुटण्याची एक वाट महाड-दापोली पट्ट्यातल्या महारांना सापडली होती. ती होती लष्कराची. पलटणीत गेलेला माणूस गावकीतून सुटत असे. त्याला रोख पगार मिळे, पलटणीच्या शाळेत लिहायला-वाचायला येई आणि पेन्शन घेऊन तो ताठ मानेने परत येई. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर हे अशा पेन्शनरांपैकीच एक. १८८८ साली त्यांनी 'विटाळ विध्वंसन' लिहिले. पुढे सरकारने महारांची लष्करभरती बंद केली, तेव्हा तिच्याविरुद्धचा १८९४ चा अर्ज त्यांनीच तयार केला. १८९५ साली महाड तालुका लोकल बोर्डावर त्यांची नेमणूक झाली तर सवर्ण सभासदांना त्यांच्यासोबत बसणे जड गेले.

भरतीबंदीकडे आपण बहुधा मानापमानाच्या अंगाने पाहतो. आमच्या मते तिचा श्रमाशी जास्त जवळचा संबंध आहे. पलटणीचा दरवाजा बंद झाला म्हणजे तरण्या पोरांना गावकीत परत ढकलले गेले. ज्याला दुसरीकडे जायला जागा नाही, त्याला बांधून ठेवायला दोरी लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कातकऱ्यांबद्दल बोलताना ती पुन्हा लागेल.

१९२७ च्या महाड परिषदेत बाबासाहेबांनी कोकणातल्या या लष्करी परंपरेची आठवण करून दिली होती. 'बहिष्कृत भारता'त त्यांनी महार वतनावर सविस्तर लिहिले. आणि महाडला एक वर्ष होते न होते तोच, १९ मार्च १९२८ रोजी, मुंबई विधिमंडळात त्यांनी वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आणले. ३ ऑगस्ट १९२८ च्या भाषणात त्यांनी दाखवून दिले की वतनदार महार चोवीस तास सरकारचा बांधलेला असतो. एवढेच नव्हे, तो हजर नसेल तर त्याच्या बापाला किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाला धरून नेतात. राबायचे एकाने असे नाव, प्रत्यक्षात राबते सारे कुटुंब. महाराला वतनाच्या जमिनीवर पूर्ण सारा भरून सेवेतून मोकळे होता यावे, बलुत्याऐवजी रोख रक्कम ठरावी आणि कामे निश्चित व्हावीत, हा त्या विधेयकाचा गाभा होता. ते मंजूर झाले नाही तर महारांचा सार्वत्रिक संप उभारू, असेही त्यांनी सभागृहात बजावले. २४ जुलै १९२९ रोजी विधेयक मागे घ्यावे लागले. कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला तो १९५८ चा. बाबासाहेब तेव्हा हयात नव्हते.

खोतीने कुणाकुणाला बांधले?

कोकणात वतनाच्या जोडीला खोती होती. खोत म्हणजे सरकार आणि कुळ यांच्यामधला सारावसुली करणारा. तो पिकाचा वाटा घेई आणि वर वेठही घेई : त्याच्या शेतात नांगर धरायचा, त्याच्या घरचे गवत शाकारायचे, बोलावले की जायचे. इथे राबणारा फक्त महार नव्हता. कुणबी होता, आगरी होता, कातकरी होता.

म्हणून १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि जानेवारी १९३८ मध्ये मुंबईत विधिमंडळावर हजारो शेतकऱ्यांचा मोर्चा नेला, तेव्हा त्या मोर्चात जात एक नव्हती, वेठ एक होती. त्या लढ्यातले श्यामराव परुळेकर स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार होते. पुढे ते कम्युनिस्ट झाले आणि १९४५ साली गोदावरी परुळेकरांसोबत ठाणे जिल्ह्यातल्या तलासरी, उंबरगाव, डहाणूच्या वारल्यांमध्ये उभे राहिले. तिथे सावकाराकडून लग्नासाठी कर्ज घेतलेला वारली नवरा-बायकोसकट त्याच्या घरी राबत असे. त्याला 'लग्नगडी' म्हणत. खोतीविरोधी मोर्चा आणि वारल्यांचा उठाव यांना जोडणारा हा माणूस आपल्या चळवळीच्या इतिहासात क्वचितच आठवला जातो.

एवढे सांगायचे कारण असे की, 'वेठबिगारी हा आदिवासींचा प्रश्न, आपला नाही' असे आपल्यातले काही कार्यकर्ते म्हणतात. इतिहास त्यांच्या बाजूने नाही.

संविधानाने गुन्हा म्हटले, शिक्षा कुणी लिहिली नाही

१९४७ साली 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी सक्तीचे श्रम हा गुन्हा ठरावा असे लिहून ठेवले. ३ डिसेंबर १९४८ रोजी संविधान सभेत मसुद्याच्या १७ व्या कलमावर चर्चा झाली. तेच आजचे कलम २३. माणसांचा अपव्यापार, बेगार आणि तशाच प्रकारचे सक्तीचे श्रम यांना मनाई आणि या मनाईचे उल्लंघन हा कायद्यानुसार शिक्षेस पात्र गुन्हा.

या कलमाचा दुसरा खंड आम्हाला जास्त महत्त्वाचा वाटतो. सार्वजनिक कामासाठी राज्य सक्तीची सेवा लादू शकते, पण ती लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग यांवरून भेदभाव करता येणार नाही. ज्याने वतन कायद्याशी झुंज दिली, त्यालाच या ओळीची किंमत कळते. १८७४ च्या कायद्यातली पळवाट इथे बुजवली आहे. आता राज्यालाही कायद्याच्या आडून एका जातीला राबवता येणार नाही.

कलम ३५ ने संसदेला आणखी एक काम दिले होते. अस्पृश्यता आणि बेगार हे गुन्हे म्हटले आहेत, तर त्यांच्या शिक्षेचे कायदे शक्य तितक्या लवकर करा. अस्पृश्यतेचा कायदा १९५५ साली झाला. वेश्याव्यवसायासाठी होणाऱ्या अपव्यापाराचा १९५६ साली झाला. श्रमासाठी बांधून ठेवलेल्या माणसाचा? त्यासाठी २५ ऑक्टोबर १९७५ उजाडावा लागला. आधी अध्यादेश आला, मग वेठबिगार पद्धत (निर्मूलन) अधिनियम, १९७६. पाव शतक ज्याला संविधानाने गुन्हा म्हटले, त्याची नेमकी शिक्षा लिहायला कुणाला सवड झाली नाही. शरीराच्या बाजाराची लाज सरकारला वाटली, घामाच्या बाजाराची नाही.

१९७६ च्या कायद्यात काय आहे?

उशिरा आला तरी हा कायदा चांगला आहे. कार्यकर्त्यांनी तो मुळातून वाचावा. त्याच्या व्याख्येत उचल किंवा कर्जामुळे, रूढीमुळे, बापजाद्यांच्या देण्यामुळे आणि विशिष्ट जातीत जन्मल्यामुळे करावे लागणारे श्रम, सगळे येतात. म्हणजे महारकीचे वर्णन शंभर वर्षांनी गुन्ह्याच्या व्याख्येत बसले. मजुरी नाममात्र असेल, दुसरीकडे कामाला जायची मोकळीक नसेल, हिंडण्या-फिरण्याची मुभा नसेल, आपले श्रम बाजारभावाने विकता येत नसतील, तर यांतली एक गोष्टही पुरे.

या कायद्याने असे सर्व कर्ज बुडते. ते वसूल करणे हाच गुन्हा होतो. कलम १५ प्रमाणे 'हे कर्ज वेठबिगारीचे नाही' हे सिद्ध करण्याची जबाबदारी मजुरावर नसून मालकावर आहे. कलम १३ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असावी लागते आणि उपविभागाच्या समितीवर तिथे राहणारे अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असावे लागतात.

सर्वोच्च न्यायालयाने १९८२ च्या पीयूडीआर खटल्यात सांगितले की किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर राबणे हेही कलम २३ मधले सक्तीचे श्रमच, कारण पोटाची सक्ती ही सक्तीच असते. त्यानंतरच्या बंधुआ मुक्ती मोर्चा खटल्यात वेठबिगार शोधणे, सोडवणे आणि त्यांचे पुनर्वसन करणे ही जबाबदारी न्यायालयाने राज्यावर टाकली. ठाणे जिल्ह्यात विधायक संसद आणि श्रमजीवी संघटनेने हाच कायदा हातात घेऊन १९८० च्या दशकात आदिवासी वेठबिगार मुक्त केले.

उणीव शिक्षेत आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड. गुन्हा जामीनपात्र. दंड वसूल झालाच तर त्यातून मजुराला दिवसाला पाच रुपये. हे आकडे १९७६ चे आहेत आणि कायद्यात अजून तेच आहेत.

२०१३ : दोन शब्द गळाले

डिसेंबर २०१२ च्या दिल्लीच्या घटनेनंतर न्या. वर्मा समिती बसली. तिच्या शिफारशीवरून दंड संहितेचे कलम ३७० नव्याने लिहिले गेले. धमकी, बळ, फसवणूक, सत्तेचा गैरवापर किंवा पैशाचे आमिष दाखवून माणसांची भरती करणे, त्यांना नेणे, ठेवून घेणे म्हणजे अपव्यापार. एका माणसासाठी सात ते दहा वर्षे, एकाहून अधिक माणसे किंवा एखादे मूल असेल तर किमान दहा वर्षे ते जन्मठेप. पीडिताची संमती होती की नव्हती, हा मुद्दाच गौण ठरवला.

पण फेब्रुवारी २०१३ च्या अध्यादेशात शोषणाच्या व्याख्येत 'सक्तीचे श्रम किंवा सेवा' हे शब्द होते. संसदेने मंजूर केलेल्या कायद्यात ते नाहीत. तिथे शारीरिक शोषण, गुलामगिरी किंवा तत्सम प्रथा, दास्य असे शब्द आहेत. वकील म्हणतील, यांत सक्तीचे श्रम बसवता येतात. बसवता येतात, पण बसवावे लागतात. पोलीस ठाण्यात रात्री अकरा वाजता फिर्याद द्यायला उभ्या असलेल्या कातकरी जोडप्यासाठी ते कोण बसवणार?

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हे कलम १४३ झाले. शोषणाच्या व्याख्येत भीक मागायला लावणे आले, सक्तीचे श्रम पुन्हा नाहीत. अपव्यापार झालेल्या माणसाला जाणूनबुजून वापरणाऱ्याचे कलम १४४ फक्त लैंगिक शोषणापुरते. आणि १८६० चे कलम ३७४ आता कलम १४६ म्हणून तसेच बसले आहे : 'बेकायदेशीर' शब्दासह, एक वर्षाच्या शिक्षेसह. नवी संहिता, जुनी वेठ.

आजची वेठ वाडीवर कशी येते?

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत भातकापणी झाली, दिवाळी झाली की कातकरी वाड्यांवर मुकादम येतो. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंडांबरोबरचा. एके काळी खैराचा कात काढणारे हे लोक जंगल बंद झाल्यावर कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवर गेले. मुकादम उचल देतो, पण खरे तर ती पावसाळ्यातच घेऊन झालेली असते. आषाढ-श्रावणात चूल पेटत नाही, तेव्हा तांदूळ, औषध, पोरीचे लग्न यांसाठी. मग नवरा, बायको, पोरे सगळी जोडीने जातात. कोळसा पोत्यावर, विटा हजारावर. आठवड्याला खर्ची मिळते. हिशेब हंगामाच्या शेवटी, मालकाच्या वहीत, नवऱ्याच्या नावावर. बाईच्या श्रमाला वहीत ओळच नसते. पावसाच्या तोंडावर परतताना अंगावर बाकी असते आणि ती पुढच्या दिवाळीची दोरी होते.

या कुटुंबाला वाडीवर राहून 'नाही' म्हणता येईल का? अनेक वाड्यांखालची जमीन दुसऱ्याच्या सातबाऱ्यावर आहे. जातीचा दाखला नाही, जॉबकार्ड असले तर काम नाही. भरतीबंदीनंतरच्या महारासारखेच. जायला जागा नसली की दोरी लागत नाही.

२०२२ साली नाशिक जिल्ह्यातल्या इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले शे-पाचशे रुपये आणि एखाद्या मेंढीच्या बदल्यात मेंढ्या राखायला नेल्याचे उघड झाले, ते एका लहान मुलीचा जीव गेल्यावर. तोवर ते 'आई-बापांच्या खुशीने' चालले होते.

'स्वतःहून उचल घेतात' या युक्तिवादाचे काय?

अधिकारी हेच सांगतात, मालक हेच सांगतात. दुर्दैवाने आपल्यातलेही काही हेच सांगतात. उत्तर कायद्यातच आहे. उचल घेणे हे वेठबिगारी नसल्याचा पुरावा होत नाही, वेठबिगारीची व्याख्याच उचलीपासून सुरू होते. संमती कलम १४३ ला गौण वाटते. आणि १९२८ चा अधिकारीही हेच म्हणत होता की महारांना त्यांचे वतन हवे आहे! बाबासाहेबांनी उत्तर दिले ते वतनाची भूल समजावून सांगून आणि बाहेर पडण्याची कायदेशीर वाट मागून.

दुसरा अवघड प्रश्न : मुकादम आपल्याच समाजातला असला तर? ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(ह) मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाकडून बेगार किंवा वेठबिगारी करून घेणे हा गुन्हा आहे, पण आरोपी स्वतः अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर ते कलम त्याला लागत नाही. न्याय संहितेचे कलम १४३ आणि १९७६ चा कायदा मात्र लागतात. ते लावायला सांगताना आपला आवाज खाली जाणार असेल, तर क्रांतिस्तंभापुढे घोषणा देण्यात अर्थ नाही. शोषकाची जात पाहून शोषण मोजणे ही मनूची रीत आहे. तिचे आपण महाडलाच दहन केले.

शताब्दीपूर्वी करायची कामे

महाड आणि पोलादपूर हे दोन्ही तालुके महाड उपविभागात येतात. म्हणजे कलम १३ ची उपविभागीय दक्षता समिती महाडच्या प्रांत कार्यालयाची जबाबदारी आहे. माहितीच्या अधिकारात विचारा : समिती कधी नेमली, अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य कोण, शेवटची बैठक कधी झाली, इतिवृत्त द्या. समिती नसेल तर नेमण्याची मागणी करा आणि त्यात कातकरी सदस्य, शक्यतो बाई, असेल हे पाहा.

दुसरे, दिवाळीपूर्वी वाडीवर नोंदवही ठेवा : कोण, कुणाबरोबर, कुठे, किती उचलीवर गेले. मालकाच्या वहीसमोर आपली वही उभी राहिली की हिशेब बदलतो.

तिसरे, फिर्याद देताना १९७६ च्या कायद्याबरोबर कलम १४३ चा आग्रह धरा. ते अजामीनपात्र आहे आणि सत्र न्यायालयात चालते. मुक्ती प्रमाणपत्र घेतल्याशिवाय प्रांत कार्यालयातून उठू नका. त्यावरच पुनर्वसनाची केंद्रीय योजना मिळते : तातडीचे तीस हजारांपर्यंत, पुढे प्रौढ पुरुषाला एक लाख, स्त्रिया आणि मुलांना दोन लाख, अतिशोषणाच्या प्रकरणांत तीन लाख. पुढची मोठी रक्कम आरोप सिद्ध होण्याशी जोडली आहे, म्हणून खटला मध्येच सोडणे म्हणजे मजुराचे पैसे सोडणे.

चौथे, व्याख्येत 'सक्तीचे श्रम' हे शब्द परत आणण्याची मागणी शताब्दीच्या ठरावांत घ्या. अपव्यापाराचे स्वतंत्र विधेयक २०१८ साली लोकसभेत मंजूर झाले आणि २०१९ ला लोकसभेबरोबर लयाला गेले. त्यानंतर या प्रश्नावर आपल्या व्यासपीठांवरून फारसे बोलले गेलेले नाही.

चवदार तळ्याच्या खटल्याचा निकाल उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. पाण्याच्या हक्कासाठी दहा वर्षे कोर्टात चिकाटीने लढावे लागले. वेठीच्या प्रश्नाला तीच चिकाटी लागेल. येत्या दिवाळीनंतर मुकादमाच्या गाड्या वाड्यांवर येतील, तेव्हा नोंदवही घेऊन तिथे आपणही असायला हवे.

जयभीम.